बिननंबरची किटली

वाडीत दुधाच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, किटल्या उभ्या राहतात. उचगावच्या पुढं उसातून गेलेला रस्ता जिथं संपतो तिथं ही वाडी आणि तिची दूध संस्था. पहाटे साडेपाचपासून एकेक जण येतो, पुढच्या किटलीमागं आपली किटली टेकवतो आणि पारावर तंबाखू मळत बसतो, नाहीतर घरी जाऊन राहिलेलं शेण उचलतो. झाकणावर ऑइलपेंटनं सभासदाचा नंबर रंगवलेला असतो, त्यामुळं भांडणाचा प्रश्न येत नाही. भांडणं होतात, पण ती राजकारणावरून. किटलीवरून आजवर एकही झालेलं नाही.

आधी गाईच्या दुधाची रांग, तिच्यामागं म्हशीची. म्हशीच्या रांगेत सगळ्यात पुढं चिमणाबाईंची किटली असते. संस्था निघाली त्या सकाळी लोक लांबून तमाशा बघत होते, दूध घालायला कुणी पुढं येईना. तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या चिमणाबाई सासऱ्याला न विचारता किटली घेऊन गेल्या. त्या दिवसापासून सभासद नंबर एक त्यांचा आणि रांगेतला पहिला मानही त्यांचा. झाकणावर नंबर नसलेली वाडीतली एकुलती एक किटली त्यांचीच. कशाला पाहिजे नंबर? पोचा आलेली, पितळी कडीची ती किटली शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. त्यांना यायला उशीर झाला तर पुढची जागा मोकळी राहते, आणि कुणी नवखा तिथं किटली टेकवायला गेलाच तर पारावरून आवाज येतो, "ओ पावणं, ती जागा काकींची हाय!"

तर या रांगेत विद्याश्रीनं घोटाळा करून ठेवला. जाणूनबुजून नव्हे, चांगलं करायला गेली आणि झाला.

विद्याश्री गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातली. वय सव्वीस. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि कॉम्प्युटरशी त्याची भाषा, अशी तिन्हीकडं जीभ वळणारी. शाहूपुरीत सोमशेखर सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथं ती दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. वाडीचं सॉफ्टवेअर तिनं एकटीनं लिहिलेलं होतं. काम तसं साधं होतं. संस्थेचे सेक्रेटरी गणपतराव पडद्यावर सभासदाचा नंबर घालणार, दुधाचं सँपल मशीनला लावणार आणि 'टेस्ट' नावाचं हिरवं बटण दाबणार. पडद्यामागचा कोड मशीनकडून फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धाचा आकडा, घेऊन त्या सभासदाच्या नावापुढं टाकणार.

पण मशीनला एका सँपलला चाळीस सेकंद लागत, आणि पहिल्या आवृत्तीत तेवढा वेळ पडदा गोठून जाई. सगळं काम त्या बटणाच्याच गळ्यात बांधलेलं होतं. फॅट हातात आल्याशिवाय ते दुसरीकडं बघायला तयार नव्हतं. पडदा पांढरा पडला की गणपतरावांचा जीव वरखाली व्हायचा, आणि त्यांचा अंगठा तर देवळातली घंटा वाजवल्यागत बटणावर सुटायचा. ते दहा वेळा दाबायचे. कॉम्प्युटर बिचारा दहाच्या दहा दाबणी इमानदारीनं लक्षात ठेवायचा, आणि पडदा शुद्धीवर आला की एकाच माणसाच्या नावावर दहा वेळा टेस्ट लावायचा. मशीन नुसती हवा ओढत बसायचं आणि पारावरून शिव्या यायच्या.

विद्याश्रीनं मग दोन दुरुस्त्या केल्या. पहिली अशी की, बटणानं नुसता सांगावा धाडायचा आणि मोकळं व्हायचं, मशीनशी बोलायचं काम मागच्या मागं वेगळं चालेल. त्यामुळं पडदा गोठायचा बंद झाला. दुसरी अशी की, एका वेळच्या संकलनात एखाद्या नंबराची नोंद एकदा पडली की त्याच नंबराची पुढची आलेली गुपचूप सोडून द्यायची. म्हणजे गणपतरावांच्या अंगठ्याचाही बंदोबस्त झाला. रविवारी दुपारी येऊन तिनं नवी आवृत्ती घातली, ती सोमवार सकाळपासून वापरायची होती. संस्थेत त्या वेळी गणपतराव आणि एक झोपलेलं मांजर, एवढेच होते. दोन-चार सँपलं लावून बघितली, सगळं झकास चाललं. सोमवारी गणपतरावांचा फोन आला, "पोरी, काय पळतंय गं! शंभर वर्षं जगशील!"

बुधवारी परत फोन आला. या वेळी आवाज खाली होता.

"विद्याश्री, एक इचारतो. मशीन चुकीचं फॅट दावतंय असं हुईल काय?"

"कुणाचं, काका?"

"चिमणाकाकींचं. सोमवारपास्नं सारखं तीन पॉइंट चार, तीन पॉइंट पाच लागतंय. सकाळ-संध्याकाळ. त्यांच्या म्हशीला आजपतोर आठाच्या खाली लागलं न्हाय."

"बाकीच्यांचं?"

"बाकी समद्यांचं बराबर हाय, तीच तर गोम हाय. एकट्या काकींचंच कसं चुकंल, असं चेअरमन म्हणत्यात. पाणी घातल्याबिगर म्हशीचं दूध तिनावर येत न्हाय."

 मग त्यांनी नियम सांगितला. लागोपाठ तीन दिवस असं लागलं तर चौथ्या दिवशी सकाळी शेवटची टेस्ट. त्यातही तसंच निघालं तर महिनाभर दूध बंद आणि बाहेरच्या फळ्यावर नाव. नियम सगळ्यांना सारखा. मागं चेअरमनांच्या सख्ख्या मेहुण्याचंही नाव लागलं होतं, त्यामुळं आता काकींना सोडलं तर मेहुणा गावभर बोंब मारेल.

"काकी काय म्हणतात?" विद्याश्रीनं विचारलं.

"काय बी न्हाय. काल लोकांनी त्यांच्या किटलीमागं हातभर जागा सोडून किटल्या लावल्या. त्यांनी बघितलं, आन् गप घरला गेल्या. मला काय बगवलं न्हाय बघ."

विद्याश्रीनं फोन ठेवला. चिमणाबाईंना तिनं दोनदाच पाहिलं होतं. एकदा त्यांनी तिला खिडकीतून वाटीभर खरवस दिला होता आणि "हाडं वर आल्यात गं तुझी, खा" असं दटावलं होतं. पाणी घालणारी बाई ती नव्हे, हे ओळखायला मशीन कशाला पाहिजे!

ती कोडला भिडली. ऑफिसातल्या टेबलावर तसलंच एक मशीन होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं दुधाच्या पिशव्या आणल्या, एक गाईची, एक म्हशीची. नंबर घातला, बटण दाबलं, चाळीस सेकंद थांबली. फॅट बरोबर. दुसरा नंबर घातला, बटण दाबलं, थांबली. तेही बरोबर. असं तिनं पस्तीस वेळा केलं, चूक काही सापडेना. उरलेल्या दुधाचा चहा करून तिनं सगळ्या ऑफिसाला पाजला, म्हणजे सरांना आणि स्वतःला.

चहा पिता पिता सोमशेखर सर म्हणाले, "आपलं बरोबर आहे ना? झालं तर मग. मशीनवाल्याला बोलवा म्हणून सांग."

"पण सर, मशीन चुकत असेल तर सगळ्यांचंच चुकेल. एकट्या बाईचं चुकायला मशीनला काय माहीत ती कोण आहे?"

"म्हणजे तिनं पाणी घातलं असेल."

"नाही घातलं."

"तुला काय ठाऊक?"

 सर माणूस वाईट नव्हते, काळजीत होते. वाडीत येऊन बघून गेलेल्या आणखी चार संस्था पुढच्या महिन्यात हे सॉफ्टवेअर घेणार होत्या, आणि खेड्यात 'कॉम्प्युटर खोटं बोलतो' अशी एकदा आवई उठली की ती कुणाच्या बापाला आवरत नाही. ते दारातून वळून म्हणाले, "उद्या जा हवं तर. पण काही सापडलं तर आधी मला सांग. तिथं चारचौघांत तोंड उघडू नकोस."

गुरुवारी उजाडायच्या आत ती स्कूटीवरून वाडीत पोचली. उसावर धुकं होतं आणि किटल्यांची रांग संस्थेच्या पायरीपासून पारापर्यंत गेलेली. गाईच्या रांगेत शेवटी, दोन्ही वेळेला असते तशी, कंपनीत कामाला जाणाऱ्या हंबीररावची किटली होती. म्हशीच्या रांगेत सगळ्यात पुढं ती पोचा आलेली पितळी कडीची किटली, आणि तिच्यामागं हातभर मोकळी फरशी. ती मोकळी फरशी बघून विद्याश्रीला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते तिला तेव्हा कळलं नाही.

चिमणाबाई पारावर न बसता किटलीशेजारीच उभ्या होत्या. पासष्टीच्या, काटक, डोक्यावरून पदर. विद्याश्रीला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? च्या घेतलास का?"

"काकी, तुम्ही किटली आजही पुढंच लावलीत," ती कसंबसं बोलली.

"मग? दूध तेच हाय, म्हस तीच हाय. किटली कशापायी हलवू?"

खडूचा तुकडा घेऊन चेअरमन फळ्याजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्याही तोंडावर आनंद नव्हता. विद्याश्री आत गेली आणि गणपतरावांच्या पाठीशी भिंतीला टेकून उभी राहिली. "काका, मी इथं नाहीच असं समजा. रोज करता तसंच करा."

गणपतराव कामाला लागले. तिला बघायला मजा वाटली, कारण गर्दीच्या वेळेला ते कसं काम करतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. माणूस खिडकीत किटली ठेवायचा. गणपतराव चष्मा कपाळावरून खाली ओढून झाकणावरचा नंबर वाचायचे, एका बोटानं तो पडद्यावर घालायचे, सँपल लावायचे, हिरवं बटण दाबायचे, फॅट आलं की मोठ्यानं पुकारायचे. मग पुढची किटली, परत चष्मा, परत झाकण. मशीनवरचा छोटा काचेचा पडदा कधीच गेलेला होता, त्यामुळं कॉम्प्युटर सांगेल तेच खरं. सगळं सुरळीत चाललं होतं. चूक असती तर इथंच दिसायला हवी होती, आणि दिसत तर काहीच नव्हतं. विद्याश्रीचा धीर सुटत चालला.

हंबीररावची पाळी आली. त्यानं दूध ओतलं, सँपल दिलं आणि कंपनीच्या बसच्या दिशेनं पळाला. "चिठ्ठी रं!" गणपतराव ओरडले. "ऱ्हाऊ दे तितंच! गाडी जाईल!" तोही ओरडला. गणपतरावांनी त्याचा दोनशे अकरा नंबर घालून बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं.

आणि इथं गणपतरावांनी एक वेगळी गोष्ट केली. गाईची रांग संपली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीवरच्या ज्योतिबाच्या तसबिरीला हात जोडले आणि झाकण-बिकण काही न बघता पडद्यावर दोनशे अकरा पुसून 'एक' दाबला. नाव आलं, चिमणाबाई. मग खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्यांनी हाक मारली, "काकी, या!"

म्हशीच्या रांगेची सुरुवात गेली कित्येक वर्षं ते अशीच करत होते. वहीच्या काळातसुद्धा पुढच्या ओळीवर 'एक' लिहून मग हाक मारायचे. पहिला मान कुणाचा हे वाचायला त्यांना झाकणाची गरज नव्हती, आणि त्या किटलीवर वाचण्यासारखं काही नव्हतंही.

विद्याश्री पडद्याकडं बघत होती. चिमणाबाई बाहेर वाकून किटली उचलत होत्या. झाकण घट्ट होतं, दुधाचा थेंब बाहेर आलेला नव्हता. मशीनचं घुरघुरणं थांबलं आणि पडद्यावर चिमणाबाईंच्या नावापुढं आकडा उमटला, तीन पॉइंट चार.

दूध अजून किटलीत होतं आणि त्याचं फॅट पडद्यावर लागलं होतं.

 विद्याश्रीला सगळं एका दमात कळलं. बटण दाबल्यावर तिच्या कोडनं मागं सांगावा धाडला होता खरा, पण त्या सांगाव्यात नाव नव्हतंच. 'टेस्ट कर' एवढंच त्यात होतं. कुणासाठी, ते काम झाल्यावर पडद्यावर बघून घे, असा कारभार. पूर्वी पडदा गोठलेला असायचा, त्यामुळं मधल्या वेळात नंबर बदलायची कुणाची टाप नव्हती आणि ती एक ओळ चालून जायची. आता पडदा मोकळा होता. मागचा कोड चाळीस सेकंदांनी हंबीररावच्या गाईचं फॅट घेऊन वर आला, समोर 'एक' दिसला आणि फॅट तिथं टाकून मोकळा झाला. ऑफिसात तिनं पस्तीस वेळा तपासलं होतं, पण पस्तीसही वेळा ती शहाण्यासारखी हात बांधून थांबली होती.

बाहेर चिमणाबाईंनी दूध ओतलं. गणपतरावांनी सँपल लावलं, बटण दाबलं. चाळीस सेकंद गेले. पडद्यावर तीन पॉइंट चार तसंच राहिलं, कारण आत्ता आलेलं खरं फॅट विद्याश्रीच्या दुसऱ्या दुरुस्तीनं 'नोंद आधीच आहे' म्हणून गुपचूप सोडून दिलं होतं. गणपतरावांनी आकडा वाचला आणि पुकारलाच नाही.

"किती?" चेअरमननी बाहेरून विचारलं.

"तीन... चार."

चेअरमन खुर्चीतून उठले आणि फळ्याकडं वळले.  चिमणाबाईंनी रिकामी किटली उचलली आणि पदर नीट केला. विद्याश्रीच्या खिशात फोन थरथरला. सरांचा मेसेज होता, 'काही कळलं? आधी मला फोन कर.' कुणाला ऐकू न जाता फोन करायला तिला बाहेर उसाकडेला जायला लागलं असतं, आणि तेवढ्यात फळ्यावर नाव लिहून झालं असतं. फळा पुसता येतो. पण वाडीनं एकदा वाचलेलं पुसता येत नाही, हे खेड्यात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं.

"थांबा!" ती खिडकीतून ओरडली. "चेअरमन साहेब, लिहू नका! चूक माझी आहे."

ती पायरीवर आली.  "हे काकींच्या दुधाचं फॅट नाही. हंबीररावांच्या गाईचं आहे."

"हंबीऱ्याच्या गाईचं फॅट काकींच्या किटलीत कसं जाईल?" पारावरून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-चौघं हसले.

"हंबीररावांची सोमवारपासूनची नोंद काढा काका," ती गणपतरावांना म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

गणपतरावांनी दोनशे अकरा घातला. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. "आरं तिच्या! एक बी नोंद न्हाय. चार दिस झालं, हंबीररावच्या गाईनं दूधच दिलेलं न्हाय!"

आता पार उठून पायरीपाशी आला. विद्याश्रीला समजावून सांगायचं होतं, पण कोडची भाषा इथं काय कामाची? तिची नजर रांगेवर गेली. तिनं मागची एक किटली उचलून पुढं ठेवली आणि झाकणावरचा नंबर दाखवला. "हे बघा. ही किटली कुणी आत आणली, मालक कुठं गेलाय, खिडकीत कोण उभं आहे, याच्याशी गणपतकाकांना काही देणंघेणं नाही. नंबर झाकणावर आहे. किटली जाईल तिथं नंबर जातो. बरोबर?"

"व्हय की."

"मी कॉम्प्युटरमध्ये दूध आत पाठवलं, पण झाकणावर नंबर घातलाच नाही. दूध तपासून झाल्यावर मागच्याला सांगितलं, खिडकीत जो दिसेल त्याच्या नावावर टाक. हंबीरराव गाडीला पळाले होते. खिडकीत काकी होत्या."

 मग गणपतरावांचा पडलेला आवाज आला, "म्हंजे मी नंबर आधी घातला म्हणून झालं? मी केलं हे?"

"नाही काका!" विद्याश्री जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही रोज करता तेच केलंत. मीच रविवारी दुपारी येऊन गेले. सकाळी तुम्ही कसं काम करता ते एकदासुद्धा बघायला आले नाही. बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

चेअरमन खडू हातात धरून विचार करत होते. "सांगतीस ते पटतंय. पण बाई, नुसत्या पटण्यावर मी नियम मोडू शकत न्हाय. दाखव."

"अर्धा तास द्या."

बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून ती बसली. पन्नास किटल्या आणि तेवढीच माणसं मागं उभी, आणि त्यातले निम्मे खांद्यावरून वाकून बघणारे. "त्ये लाल काय आलं गं?" "गप रं, तिला करू दे!" बदल मोठा नव्हता. बटण दाबलं त्या क्षणी पडद्यावर असलेला नंबर सांगाव्यातच बांधून द्यायचा. मागच्या कोडनं पडद्याकडं मान वर करून बघायचंच नाही, सांगाव्यात असेल त्याच्याच नावावर फॅट टाकायचं. आणि एका नंबराची दुसरी नोंद आली तर गुपचूप सोडायची नाही, तोंड उघडून विचारायचं. साध्या ओळीत ती तीनदा चुकली. मागून चिमणाबाईंचा आवाज आला, "दमानं कर. म्हस काय पळून जात न्हाय."

हंबीररावचं आणि काकींचं, दोघांचीही सँपलं बाटल्यांत शिल्लक होती. विद्याश्रीनं आजच्या चुकीच्या नोंदी काढल्या आणि दोनशे अकरा घालून हंबीररावचं सँपल लावलं. "काका, रोजच्यासारखंच करा. हात जोडा, एक दाबा, हाक मारा."

गणपतरावांनी हात जोडले, या खेपेला जरा जास्तच वेळ. एक दाबला. खिडकीतून हाक मारली. मशीन थांबलं. चिमणाबाईंच्या नावापुढं जागा रिकामीच होती. गणपतरावांनी दोनशे अकरा काढून वाचलं, "हंबीरराव, तीन पॉइंट चार!"

मग काकींचं सँपल लागलं. मशीन घुरघुरत असताना चेअरमन स्वतः आत आले आणि मुद्दाम पडद्यावरचा नंबर बदलून भलताच एकशे चौऱ्याण्णव घालून ठेवला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण माणूस पक्का होता.  मशीन थांबलं. एकशे चौऱ्याण्णवपुढं काही आलं नाही. गणपतरावांनी एका बोटानं 'एक' घातला.

"चिमणाबाई," ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की उसातले बगळे उडाले, "आठ पॉइंट तीन!"

पारावर एकच कालवा झाला. चेअरमननी खडू खिशात टाकला आणि चिमणाबाईंसमोर येऊन उभे राहिले. "काकी, चुकलं."

चिमणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग मागच्या सगळ्यांकडं बघितलं. "त्या यंत्राचं मला काय वाटलं न्हाय बाबा. ते नवं हाय, त्याला मी ठावं न्हाय. तुमाला मी ठावं हुते की रं."

 कुणाची तरी किटली फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. काकींच्या जागेमागं ज्याची किटली होती त्यानं ती ओढून पुढं घेतली होती, त्याच्यामागच्यानं आपली, आणि मागं पारापर्यंत किटल्या एकेक हात पुढं सरकल्या. मोकळी फरशी उरली नाही.

विद्याश्रीनं बाजूला जाऊन सरांना फोन लावला. "सर, चूक आपली होती. म्हणजे माझी. दुरुस्त केली. आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं."

 नोकरी गेली, असं तिनं मनात धरलं.

"किती जण होते?" सरांनी विचारलं.

"अख्खी रांग."

"मग आता लपवायचं काय राहिलं?" ते सुस्कारा टाकून म्हणाले. मागून चेअरमन खुणावत होते, तिनं फोन त्यांच्याकडं दिला. "सोमशेखर साहेब," ते नेहमीच्या सभेच्या आवाजात म्हणाले, "त्या चार संस्था माझ्या वळखीच्या हायत. मी त्यास्नी सांगतो, सॉफ्टवेअर घ्या, पण पोरगी सकाळच्या धारंला येऊन बघून गेली पाहिजे. ती अट." फोन परत हातात आला तेव्हा सर म्हणत होते, "ऐकलंस ना? सोमवारपासून गजर लाव पाचचा."

ती लॅपटॉप पिशवीत घालत होती, तेवढ्यात चिमणाबाई आल्या. एका हातात धुतलेली किटली, दुसऱ्या हातात ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश. संस्थेच्या मागच्या खोलीतून आणला असणार.

"घाल बाई नंबर."

"काकी, तुमच्या किटलीला कशाला नंबर? सगळे ओळखतात. आणि आता कॉम्प्युटरही नाही चुकायचा."

"न्हाय चुकंल. पर माणसांचं काय सांगावं?" त्या हसल्या, चार दिवसांत पहिल्यांदा. "घाल. समद्यांच्या किटलीवर हाय, मग माझ्याच का नसावा? आन् तूच घाल, मंजी तुझ्या बी ध्यानात ऱ्हाईल."

विद्याश्री पायरीवर बसली. झाकण मांडीवर घेतलं आणि लाल रंगानं मधोमध मोठा 'एक' काढला. तो थोडा वाकडाच आला. पुसून परत काढते म्हणाली तर चिमणाबाईंनी झाकण तिच्या हातातून घेतलं आणि रंग वाळेपर्यंत उन्हात धरून उभ्या राहिल्या.